आधी कणा, मग विषय : सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची पदवी आखताना

स्वायत्त महाविद्यालयात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची नवी पदवी सुरू करायचं ठरलं, की अभ्यास मंडळाची पहिली बैठक बहुतेक ठिकाणी एकाच वाटेने जाते. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा चालू अभ्यासक्रम पडद्यावर उघडतात. त्यातले दोन विषय काढतात, तीन घालतात. कुणाला क्लाउड हवं असतं, कुणाला डेव्हऑप्स, आणि कुणाला वीस वर्षं शिकवलेला आपला विषय वाचवायचा असतो. संध्याकाळपर्यंत आठ सत्रांचा तक्ता भरतो आणि तो विद्या परिषदेकडे जातो. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या मुलाला नेमकं काय येत असेल, हा प्रश्न मात्र चर्चेला येतच नाही.

अशा बैठकीत बसणाऱ्या प्राध्यापकांसाठी, विभागप्रमुखांसाठी आणि उद्योगातून मंडळावर आलेल्या सदस्यांसाठी हे लिहितो आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : विद्यार्थ्यांनी स्वतः घडवलेलं, खऱ्या माणसांच्या वापरात आलेलं आणि पुढच्या तुकडीच्या हाती सोपवलेलं एक चालतं सॉफ्टवेअर हा या पदवीचा कणा असावा. विषय त्या कण्याला जोडत न्यावेत.

ही पदवी वेगळी कशासाठी?

1968 च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोच्या विज्ञान समितीने एक परिषद भरवली. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हे नाव तिथून रूढ झालं. मोठी सॉफ्टवेअरं वेळेत पूर्ण होत नव्हती, खर्च हाताबाहेर जात होता आणि तयार झालेल्या गोष्टींवर भरवसा ठेवता येत नव्हता. यंत्रं सुधारत होती, पण ती वापरण्याजोगं सॉफ्टवेअर घडवण्याची शिस्त नव्हती. ती अभियांत्रिकीकडून घ्यावी, हा त्या नावामागचा विचार होता.

संगणकशास्त्र विचारतं, काय मोजता येईल आणि किती वेगाने. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचा प्रश्न पुढचा आहे : अनेक माणसांनी मिळून लिहिलेलं, गरजा बदलत असताना वर्षानुवर्षं चालणारं सॉफ्टवेअर विश्वासाने कसं सांभाळायचं?

हा फरक समजायला 19 जुलै 2024 चा दिवस आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीने नंतर कारण जाहीर केलं. एका भागाला 21 मूल्यं अपेक्षित होती आणि प्रत्यक्षात 20 दिली जात होती. एकविसावं वाचायला गेल्यावर प्रोग्रॅम मेमरीच्या हद्दीबाहेर गेला. चाचण्यांत ही तफावत पकडली गेली नाही. शिवाय ते अपडेट टप्प्याटप्प्याने न सोडता एकदमच सगळीकडे गेलं.

यात अल्गोरिदमचं अज्ञान कुठेच नाही. दोन भागांमधला करार, चाचणीची रचना, वितरणाची शिस्त हे सगळं इथे हुकलं, आणि नेमकं हेच शिकवायला ही पदवी हवी. मंडळाने पहिल्याच बैठकीत अशी एक घटना घेऊन तासभर चर्चा करावी आणि ‘आपल्या विद्यार्थ्याला हे कोणत्या सत्रात टाळता आलं असतं?’ असं विचारावं. उत्तर सापडलं नाही, तर आपण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगलाच नवं नाव देतो आहोत.

आधी पदवीधराचं चित्र काढा

विषयांची यादी बाजूला ठेवून पाच-सहा साधी वाक्यं लिहा. उदाहरणार्थ : आमचा पदवीधर अनोळखी माणसाशी बोलून त्याची गरज लिहून काढू शकतो. दुसऱ्याने लिहिलेला दहा हजार ओळींचा कोड वाचून त्यात सुरक्षित बदल करू शकतो. आपल्या रचनेची कारणं आणि तिच्या मर्यादा सांगू शकतो. सॉफ्टवेअर पडलं तर ते पुन्हा उभं करून कारण शोधू शकतो. लोकांची माहिती हाताळताना कायदा आणि सचोटी पाळतो.

प्रत्येक वाक्यात क्रियापद असं हवं की त्याची परीक्षा घेता येईल. ‘ज्ञान असेल’, ‘जाणीव असेल’ ही वाक्यं तपासता येत नाहीत. राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळाच्या (एनबीए) मान्यतेसाठी फलिते लिहावीच लागतात. 2014 पासून भारत वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य असल्याने त्या मान्यतेला परदेशातही वजन आहे. पण मान्यतेच्या फायलीसाठी शेवटी घाईने भरलेली फलिते आणि आखणीच्या आधी मनापासून लिहिलेली वाक्यं यांत फार अंतर असतं. दुसरी हाताशी असली की पहिली आपोआप तयार होतात.

‘जागा नाही’ ही सबब खरी नाही

महाराष्ट्रात नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत चार वर्षांच्या अभियांत्रिकी पदवीला 160 ते 176 श्रेयांक आहेत. मूलभूत विज्ञान, बहुविद्याशाखीय मायनर, भारतीय ज्ञानपरंपरा, मूल्यशिक्षण, इंटर्नशिप यांचे वाटे आधीच ठरलेले आहेत. त्यामुळे ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकवायला जागाच उरत नाही’ असं बैठकीत हमखास ऐकू येतं.

हिशोब करून पाहू. एसीएम आणि आयईईई कॉम्प्युटर सोसायटी या संस्थांनी या पदवीसाठी 2004 मध्ये मार्गदर्शक आराखडा दिला आणि 2014 च्या आवृत्तीत तो सुधारला. त्यात गाभ्यासाठी किमान 467 व्याख्यान-तास धरले आहेत : संगणनाचा पाया 152, गणित आणि अभियांत्रिकीचा पाया 80, रचना 48, पडताळणी आणि चाचणी 37, प्रक्रिया 33, गरजांचं विश्लेषण 30, व्यावसायिक आचरण 29, प्रतिकृती आणि विश्लेषण 28, सुरक्षा 20, गुणवत्ता 10. आपल्याकडे एका श्रेयांकाला साधारण 15 तासांचं व्याख्यान धरतात. म्हणजे सगळा गाभा सुमारे 31 श्रेयांकांत बसतो. प्रयोगशाळा आणि प्रकल्प त्याच्यावर आले, तरी दीडशेहून अधिक श्रेयांकांच्या पदवीत त्यांना पुरेशी जागा आहे.

अडचण जागेची नसून वाटपाची आहे. गरजांचं विश्लेषण, रचना, चाचणी, प्रक्रिया हे चारही भाग आपण तिसऱ्या वर्षातल्या एकाच तीन श्रेयांकांच्या विषयात कोंबतो. त्या विषयाला ना प्रात्यक्षिक असतं, ना हाताळायला कोड. मुलं वॉटरफॉल आणि स्पायरल मॉडेलच्या आकृत्या पाठ करून पेपर सोडवतात. तो एक विषय फोडून चार सत्रांत पसरवलात, तरी निम्मं काम झालं.

एक सावधगिरी मात्र बाळगा. गेट परीक्षेत सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची वेगळी प्रश्नपत्रिका नाही. बहुतेक मुलं संगणकशास्त्राचीच प्रश्नपत्रिका देतात. तेव्हा डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटाबेस, अल्गोरिदम हे विषय पातळ करू नका. गणितातही डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, संभाव्यता आणि संख्याशास्त्र यांना झुकतं माप द्या. चाचण्यांचे निकाल, बिघाडाचा अंदाज, कामाला लागणारा वेळ या सगळ्यात संख्याशास्त्र रोज लागतं.

कण्याचं एक उदाहरण : गावची दूध संस्था

आता मुख्य गोष्ट. समजा, तुमच्या महाविद्यालयापासून दहा किलोमीटरवर एक सहकारी दूध संस्था आहे. सकाळ-संध्याकाळ संकलन होतं. दूध घालणाऱ्या प्रत्येकाला क्रमांक असतो. दूध मोजलं जातं, यंत्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) तपासतात, दरपत्रकातून दर काढतात आणि पावती हातात देतात. दर दहा दिवसांनी बिल निघतं. त्यातून पशुखाद्याचे आणि उचलीचे पैसे कापले जातात. मुलांनी या संस्थेसाठी सॉफ्टवेअर करायचं आहे.

पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात काम इतकंच : लिटर आणि दर यांचा गुणाकार करून पावती छापणारा प्रोग्रॅम. मुलं रक्कम दशांश अपूर्णांकात ठेवतात. दहा दिवसांच्या पावत्यांची बेरीज आणि बिलाची रक्कम यांत काही पैशांचा फरक पडतो. वर्गात हा फरक किरकोळ वाटतो. संस्थेच्या सचिवांसाठी तो किरकोळ नसतो, कारण शेतकरी पावत्या जपून ठेवतो आणि बिलाशी ताडून पाहतो. संगणकात दशांश अपूर्णांक कसे साठतात आणि रक्कम पूर्णांकी पैशांत का ठेवावी, हे मुलांना इथे कायमचं कळतं.

दुसऱ्या वर्षी डेटाबेस येतो. मुलं दरपत्रकाची एक सारणी करतात आणि पावती दाखवताना त्यातून दर उचलतात. सगळं नीट चालतं. मग 11 ते 20 तारखेच्या बिलाच्या मधोमध, 14 तारखेला, दूध संघाकडून नवं दरपत्रक येतं. मुलं जुन्या दरांवर नवे दर लिहितात आणि 11, 12, 13 तारखेच्या पावत्यांच्या रकमा आपोआप बदलतात. शेतकऱ्याच्या हातातली पावती एक सांगते आणि पडदा दुसरंच सांगतो. दराला लागू होण्याची तारीख असावी लागते, आणि एकदा दिलेल्या पावतीतली रक्कम गोठवावी लागते, हे त्या दिवशी उमजतं. फळ्यावर पाच तास शिकवूनही हे इतकं रुजत नाही.

संकलन चालू असताना वीज जाते, तेव्हा अर्धवट राहिलेल्या नोंदीचं काय करायचं हा प्रश्न येतो आणि ट्रान्झॅक्शन शिकवण्याची वेळ होते. एकाच नाव-आडनावाचे दोन सभासद निघतात आणि ओळख कशावरून ठरवायची हा प्रश्न उभा राहतो. सभासदांची बँक खाती साठवायची वेळ येते, तेव्हा 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा पाठ्यपुस्तकातून बाहेर येतो.

दूध संस्थाच हवी असं नाही. तालुक्याचं ग्रंथालय चालेल, वसतिगृहाची मेस चालेल, बाजार समितीतल्या आडत्याचं खातं चालेल. अटी तीन : वापरणारी माणसं खरी हवीत, नियम बदलते हवेत, आणि चूक झाली तर कुणीतरी येऊन विचारणारं हवं. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा. मुलांचं सॉफ्टवेअर पुरतं भरवशाचं होईपर्यंत संस्थेची मूळ वही किंवा जुनी व्यवस्था चालूच राहिली पाहिजे. शिकण्याची किंमत शेतकऱ्याच्या बिलातून जाता कामा नये.

सत्रांची मांडणी

दुसरं सत्र : लहान प्रोग्रॅम, पण पहिल्या दिवसापासून गिट आणि स्वयंचलित चाचणी. ही सवय लवकर लागली तर टिकते.

तिसरं सत्र : गरजा समजून घेणं. गटाने जागेवर जाऊन दोन संकलनं पूर्ण पाहायची आणि मग लिहायचं. पदविका करून थेट दुसऱ्या वर्षात येणारी मुलं इथे सामील होतात. त्यांना दुसऱ्या सत्राचा अनुभव नसतो, म्हणून त्यांच्यासाठी सुरुवातीचे तीन आठवडे वेगळा सराव ठेवा. अनेक आराखडे या मुलांना विसरतात.

चौथं सत्र : डेटाबेस आणि रचना एकत्र. दर बदलण्याचा प्रसंग शिक्षकांनी ठरवून, सत्राच्या मध्यावर आणावा.

पाचवं सत्र : हस्तांतर. प्रत्येक गटाला दुसऱ्या गटाचा कोड द्या आणि त्यात एक नवी सोय घालायला सांगा. दुसऱ्याची नावं, दुसऱ्याची रचना, नसलेलं दस्तऐवजीकरण यांच्याशी झुंजताना मुलांना कळतं की आपण कोड पुढच्या माणसासाठीही लिहीत असतो. नोकरीतलं पहिलं वर्ष बहुतेकांचं असंच जातं. चार वर्षांत एकच गोष्ट नव्याने घालायची असेल तर हीच घाला.

सहावं सत्र : सुरक्षा, वितरण आणि देखभाल. प्रत्येक गटाने काही आठवडे चालू व्यवस्थेची जबाबदारी घ्यायची. तक्रार आली की नोंद, कारण, दुरुस्ती आणि पुन्हा तसं होऊ नये यासाठी केलेला बदल हे सगळं लेखी हवं.

सातवं आणि आठवं : इंटर्नशिप आणि वर्षभराचा अंतिम प्रकल्प. अंतिम प्रकल्प पूर्ण शैक्षणिक वर्ष चालावा, असंच आंतरराष्ट्रीय आराखडाही सुचवतो. राज्याच्या चौकटीत इंटर्नशिपला 12 श्रेयांक आहेत. ते निव्वळ प्रमाणपत्रावर देऊ नका. मुलाने केलेला एक बदल, त्यावर वरिष्ठांनी घेतलेल्या हरकती आणि त्याने दिलेली उत्तरं यांवर अर्धा तास तोंडी परीक्षा घ्या.

मूल्यमापन बदललं नाही, तर काहीच बदलणार नाही

विद्यार्थी परीक्षेप्रमाणे अभ्यास करतो. ‘ब्लॅक बॉक्स टेस्टिंगची व्याख्या लिहा’ असा प्रश्न असेल तर व्याख्याच पाठ होईल. त्याऐवजी पन्नास ओळींचा कोड आणि गरजेचा एक परिच्छेद द्या आणि विचारा : कोणत्या पाच चाचण्या कराल, का, आणि कोणती चूक तरीही निसटेल?

फायनल इयरचे तयार प्रकल्प विकत मिळतात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यात 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि कोड लिहून घेणं मिनिटांचं काम झालं. बंदी घालून हे थांबणार नाही. साधन वापरू द्या, पण गुण कोड समजण्याला द्या. गिटमधला इतिहास पाहा : काम सत्रभर वाढत गेलं की आदल्या रात्री एकदम आलं? तोंडी परीक्षेत विद्यार्थ्यासमोर त्याचाच कोड उघडा, एक नियम बदला आणि तिथेच बदल करायला सांगा. 14 तारखेला दर बदलला तर कोणती ओळ बदलेल, हे ज्याला दाखवता येतं, त्याने कोड कुठूनही आणला असला तरी तो आता त्याचा झाला आहे. ज्याला येत नाही, त्याच्या जर्नलवर सही करू नका.

माणसं आणि वेळ

असा अभ्यासक्रम कागदावर सुंदर दिसतो आणि वेळापत्रकात मोडतो. वीस मुलांची बॅच म्हणजे पाच गट. प्रत्येक गटाचा कोड आठवड्याला वीस मिनिटं वाचायचा, तर शंभर मिनिटं लागतात. दोन तासांच्या प्रात्यक्षिकात हे जेमतेम बसतं. बॅच तीसची केली की संपलं. म्हणून कोडपरीक्षणाचा वेळ शिक्षकाच्या कार्यभारात अधिकृतपणे मोजा आणि तसा ठराव विद्या परिषदेत करून घ्या.

उद्योगातली माणसं हवीतच. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची वाट खुली केली आहे. पीएच.डी. नसली तरी दीर्घ अनुभव असलेला माणूस त्या वाटेने शिकवू शकतो. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे अशी माणसं आहेत आणि लहान गावांतून गेलेली मुलंही आहेत, जी आपल्या महाविद्यालयासाठी ऑनलाइन वेळ देतील. त्यांना ‘अतिथी व्याख्यान’ देऊ नका. एक गट द्या आणि पूर्ण सत्रभर त्या गटाचा कोड वाचायला सांगा.

अभ्यासक्रमात साधनांची नावं विषय म्हणून लिहू नका. एखाद्या विशिष्ट फ्रेमवर्कच्या नावाचा विषय पदवी पूर्ण होईपर्यंत शिळा होतो. विषयाचं नाव तत्त्वाचं ठेवा आणि साधन प्रयोगशाळेच्या पुस्तिकेत ठेवा, म्हणजे ते दरवर्षी मंजुरीशिवाय बदलता येईल.

भाषेचा प्रश्न

दूध संस्थेच्या सचिवांशी बोलणं मराठीतच होणार. ‘कपात’, ‘उचल’, ‘दरपत्रक’ हे शब्द संस्थेतली माणसं ज्या अर्थाने वापरतात, त्याच अर्थाने लिहून घेतले पाहिजेत. ‘उचल’ला सरसकट ‘लोन’ केलं की व्याज आहे की नाही, हा प्रश्न विचारायचाच राहतो. म्हणून गरजांचा दस्तऐवज दोन भाषांत असावा : वापरणाऱ्याने वाचून सही करावी असा मराठीत, आणि विकासकांसाठी इंग्रजीत. तोंडी परीक्षेत मुलाला मराठीत उत्तर देता आलं पाहिजे. त्याला समजलं आहे का, हे आपल्याला पाहायचं आहे. इंग्रजी लिहिण्याचा सराव दर सत्रात वेगळा द्या. तो लागतोच, पण समज तपासण्याच्या आड तो येऊ नये.

मंजुरीला पाठवण्यापूर्वी

तक्ता पूर्ण झाला की हे प्रश्न एकेक करून मंडळासमोर ठेवा. विद्यार्थी दुसऱ्याचा कोड कोणत्या सत्रात वाचतो? महाविद्यालयाबाहेरच्या माणसाशी गरजेबद्दल पहिल्यांदा कधी बोलतो? त्याचं सॉफ्टवेअर खऱ्या वापरात कधी पडतं आणि ते दुरुस्त कोण करतं? पदविकेची मुलं कुठे जोडली जातात? शिक्षकाला कोड वाचायला कोणत्या तासाला वेळ आहे? यापैकी एका जरी प्रश्नाचं उत्तर ‘बघू’ असं असेल, तर पदवी अजून तयार नाही.

पहिल्या तुकडीत चुका होतील. त्या लिहून ठेवा, दर उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन दिवस बसा आणि आराखडा दुरुस्त करा. आपण मुलांना जी देखभाल शिकवतो, ती आपल्या अभ्यासक्रमालाही लागू आहे.

पुढच्या बैठकीला जाण्याआधी एवढं करा : दोन सहकाऱ्यांना घेऊन जवळच्या एखाद्या संस्थेच्या कार्यालयात सकाळचे दोन तास बसा आणि तिथलं काम कसं चालतं ते पाहा. येताना एक खरं दरपत्रक मागून आणा, आणि बैठकीत आठ सत्रांच्या रिकाम्या तक्त्याआधी ते टेबलावर ठेवा.